बंदूक हातात असूनही

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' चित्रपटाचं बी आमच्या नागझिऱ्यात पडलं, हे खुद्द गोंदिया जिल्ह्यातही फार लोकांना ठाऊक नाही. 1993 साली बर्वे नागझिरा अभयारण्यात आले होते. वय शाळकरी. तिथं सोबतच्या मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक भयकथा सांगितली आणि ती त्यांच्या मनात जी रुतली ती कायमची. पुढं त्यातून सुचलेली गोष्ट लिहून, चित्रित करून, पुन्हा चित्रित करून, कित्येक पावसाळे खर्ची घालून 2018 च्या ऑक्टोबरात 'तुंबाड' पडद्यावर आला. त्याला फिल्मफेअरचे तीन पुरस्कार मिळाले: छायालेखन, कलादिग्दर्शन आणि ध्वनीसाठी. म्हणजे उजेड, जागा आणि आवाज यांना. भयपटाला याहून नेमकी पावती मिळू शकत नाही.

मला मात्र त्या चित्रपटातलं दुसरंच नाव ओळखीचं वाटलं. पार्श्वसंगीत जेस्पर किड यांचं. हा डेन्मार्कचा संगीतकार. त्याचं नाव झालं ते सिनेमामुळं नाही, व्हिडिओ गेममुळं. 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड' या मालिकांच्या सुरुवातीच्या भागांचं संगीत त्याचं. अलीकडं 2022 साली आलेल्या 'वॉरहॅमर 40,000: डार्कटाइड' या काळ्याकुट्ट शूटर गेमचंही त्याचंच. कोकणातल्या वाड्यातली आजी साखळदंडात बांधलेली, बाहेर धो धो पाऊस, आणि त्या दृश्याखाली वाजणारा सूर अशा माणसाचा, ज्याची निम्मी हयात गेम खेळणाऱ्याच्या छातीत धडधड पैदा करण्यात गेली. चित्रपटवाल्यांनी त्याला मुद्दाम गाठलं असणार, असं मला वाटतं. कारण न दाखवता घाबरवण्याची विद्या गेल्या तीस वर्षांत गेमवाल्यांनी जितकी घासूनपुसून लखलखीत केली आहे, तितकी फार कमी जणांनी केली असेल.

माझा धंदा साउंडचा. दिवाळी झाली की आमच्याकडं मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागतो, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. वडशाहून कंपनी येते, गावाबाहेरच्या बांधीत मंडप पडतो आणि होळीपर्यंत अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, आमगाव या भागांत माझी गाडी फिरत असते. बॉक्स, मिक्सर, स्टेजवर टांगायचे माईक, जनरेटर. पावसाळ्यात काम नसतं. तेव्हा मी रात्री हेडफोन लावून गेम खेळतो, आणि त्यातही हॉरर शूटर. विरंगुळा म्हणून खेळतोच, पण माझ्याच कामाची उस्तादी तिथं चालू असते म्हणूनही खेळतो.

माझ्या हाताखालचा एक पोरगा एकदा बाजूला बसून पाहत होता. त्यानं विचारलं, "भाऊ, बंदूक तं हातात हाये ना जी, मंग भेव काहून लागते?"

या प्रश्नात सगळा विषय येतो. ज्यांनी असले गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. फर्स्ट पर्सन शूटरमध्ये तुमचं पात्र तुम्हाला दिसत नाही. पडदा म्हणजे तुमचेच डोळे. खाली उजव्या कोपऱ्यात तुमचा हात आणि त्यात बंदूक. माउस हलवला की मान वळते, बटण दाबलं की गोळी सुटते. हा सगळा प्रकार मुळात मर्दुमकीचा. समोर जो येईल त्याला लोळवायचं. भीती ही त्याच्या बरोबर उलट गोष्ट. ती येते हतबलतेतून. मग ज्याच्या हातात दारूगोळा आहे त्याला घाबरवायचं कसं? राक्षस आणखी विद्रूप करून ते होत नाही. राक्षस कितीही भयंकर असला तरी तिसऱ्यांदा दिसला की त्याचं निशाण होतं. भीती उभी राहते ती राक्षस यायच्या आधीच्या अंधारात, आवाजात आणि वाट पाहण्यात. हे मी छातीठोकपणे म्हणतो, आणि याचा पुरावा एकाच नावाच्या दोन गेमनी देऊन ठेवला आहे.

'डूम' हे ते नाव. अमेरिकेतल्या टेक्सासच्या इड सॉफ्टवेअर कंपनीनं 10 डिसेंबर 1993 ला पहिला 'डूम' बाहेर काढला. योगायोग असा की बर्वेंनी नागझिऱ्यात गोष्ट ऐकली तेच वर्ष. मंगळाच्या चंद्रांवरचे तळ, नरकातून आलेले दैत्य आणि एकटा सैनिक, एवढीच गोष्ट. पुढं 2004 मध्ये 'डूम 3' आला आणि 2016 मध्ये पुन्हा नव्यानं नुसताच 'डूम'. या दोन्हींत जागा मंगळाचा तळ, दैत्य जवळपास तेच, बंदुकाही ओळखीच्या. पण 2016 चा खेळताना अंगात वारं शिरतं. मिक गॉर्डनचं घणाघाती संगीत सुरू होतं, आणि घायाळ दैत्याच्या अंगावर धावून जाऊन त्याला संपवलं की तुमचीच तब्येत सुधारते. खेळ तुम्हाला पुढं ढकलतो. इथं दैत्यांनी तुम्हाला भ्यायचं. 'डूम 3' मध्ये त्याच मंगळावर तुम्ही भिंतीला पाठ लावून सरकता. दोन्हींत फरक आहे तो मांडणीचा.

'डूम 3' च्या अंधाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. इडचा प्रोग्रामर जॉन कारमॅक यानं त्या गेमसाठी प्रकाशाची जी पद्धत बांधली, तिच्यात प्रत्येक दिवा खरीखुरी सावली पाडायचा. आपल्या घरात दिवा लावला की उजेड भिंतीवरून, छतावरून परतून कोपऱ्यातही थोडा झिरपतो. त्या गेममध्ये तो झिरपायचा नाही. उजेड संपला की काळं, आणि काळं म्हणजे डांबरासारखं काळं. सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी. छतावरचा एखादा दिवा झोके घेत असेल तर त्याच्याबरोबर सगळ्या खोलीच्या सावल्या हलायच्या, आणि त्यातली कुठली सावली नुसती सावली आहे नि कुठली नाही, हे कळेपर्यंत उशीर झालेला असायचा.

त्यावर कंपनीनं आणखी एक गोष्ट केली. हातात टॉर्च धरला की बंदूक धरता येत नाही, आणि बंदूक धरली की टॉर्च नाही. दोन्हींपैकी एक. दिसेल पण मारता येणार नाही, किंवा मारता येईल पण दिसणार नाही. लोक चिडले. मंगळावर तळ उभारणाऱ्यांना बंदुकीला टॉर्च बांधता येऊ नये का, असा सवाल झाला आणि तो तर्काला धरूनच होता. कुणीतरी लवकरच एक फेरफार करून बंदुकीला चिकटपट्टीनं टॉर्च बांधून दिला, आणि तो फुकट फेरफार भराभर पसरला. 2012 मध्ये कंपनीनं जी नवी आवृत्ती काढली तिच्यात टॉर्च चिलखतावरच बसवला. मी दोन्ही खेळलो आहे. नव्या आवृत्तीत सोय आहे, पण भय पार विरळ झालं आहे. हा एक निर्णय काढून घेतला आणि गेमचा कणाच गेला, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी तक्रार केली त्यांना सोय हवी होती. पण भयाच्या खेळात सगळं सोयीचं झालं की खेळ उरत नाही.

आता आवाजाकडं येतो, कारण तो माझा प्रांत आहे.

डोळ्याला मर्यादा आहे. पडद्यावर फक्त समोरचं दिसतं. पाठीमागचं काहीच नाही. कानाला अशी चौकट नसते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात किंचित नंतर. हे अंतर सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी असतं, तरी मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. कानाच्या पाळीच्या वळणांमुळं आवाजाचा पोत बदलतो, त्यावरून पुढं की मागं, वर की खाली हेही उमगतं. गेमचं इंजिन हेडफोनमध्ये हेच सारं गणितानं तयार करतं. म्हणून हे गेम लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळणं म्हणजे निम्मा गेम टाकून देणं.

दुसरी किमया भिंतीआडच्या आवाजाची. हिचा प्रयोग कुणीही करू शकतो. मिक्सरवर एखाद्याचा आवाज चालू ठेवा आणि ट्रेबलचं बटण हळूहळू शून्यावर आणा, मग मिडलही थोडं उतरवा. माणूस तिथंच उभा आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं तो दाराआड गेला. कारण भिंत उंच सूर गिळते आणि खर्ज तेवढा पलीकडं येऊ देते. त्यात एको थोडा वाढवला तर तोच माणूस विहिरीत उतरतो. नाटकात मेलेल्या सासूचा आवाज काढताना मी हेच करतो, आणि मंडपातल्या बाया एकमेकींचा हात धरतात. गेममध्ये हे बटण कुणी फिरवत नसतं. तुम्ही चालता तसं ते आपोआप फिरतं. दार बंद असेपर्यंत पलीकडची गुरगुर दबलेली. दार उघडलं की तीच गुरगुर लख्ख, आणि तुमच्याच खोलीत.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला 'हाफ-लाइफ 2' मधल्या रेवनहोमचं वाटतं. 2004 च्या नोव्हेंबरात आलेला हा गेम एरवी भयाचा नाही. पण मध्येच एक ओसाड खाणगाव येतं, रात्रीची वेळ, आणि गोळ्या टिपून वापराव्या लागतात. त्या गावात एका जातीचं चालतं प्रेत आहे, हडकुळं आणि चपळ. ते घरांच्या पन्हाळीच्या पाइपवरून चढून छतावर येतं. आधी दुरून आरोळी ऐकू येते. मग पाइप खडखडायला लागतो. लोखंडी क्लॅम्प भिंतीवर आपटतात तसा तो आवाज, खालून वर येत जाणारा. तुम्ही छतावर उभे. पाइप दोन आहेत. कुठला खडखडतो आहे ते कानानं ओळखायचं आणि त्या कडेवर नेम धरून थांबायचं. अजून काहीही दिसलेलं नाही, आणि तळहाताला घाम फुटलेला असतो. हा खडखडाट त्या प्रेताच्या दर्शनापेक्षा दसपटीनं भयंकर आहे. ते दिसलं की उलट सुटल्यासारखं वाटतं.

नागझिऱ्यात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसायची सोय वन विभाग करतो. ज्यांनी ती रात्र काढली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. वाघ दिसत नाही. आधी लांबवर वानर खकारतं. मग चितळाचा कॉल, तीक्ष्ण, शिटीसारखा. मग दुसऱ्या बाजूनं सांबर, आणि सांबर उगाच ओरडत नाही. गाइड कुजबुजतो, नाल्यानं येत आहे. अख्खं जनावर कानांनी सरकताना कळतं, आणि पाणवठ्यावर चांदण्यात काहीच नसतं. जवळचे रातकिडे एकदम थांबतात तेव्हा तर पोटात गोळाच येतो. व्यंकटेश माडगूळकरांनी याच जंगलावर 'नागझिरा' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या मुक्कामावर लिहिलं. या दोघांच्या लिखाणात जंगल कानांनी वाचायची सवय जागोजागी दिसते. चांगला गेम करणारा ध्वनिकार हेच करतो. मागं सतत काहीतरी चालू ठेवतो: पंख्याची घरघर, वाऱ्याची शीळ, तारांचा गुणगुणाट. तुमचा कान त्याला सरावतो. मग ते बंद करतो.

शांतता म्हणजे आवाज नसणं, असं आमच्या धंद्यात नवशिक्यांना वाटतं. ते खरं नाही. मिक्सर पूर्ण बंद केला तर लोकांना वाटतं लाइन गेली, आणि ते मागं वळून माझ्याकडं पाहतात. भीतीची शांतता राखायला खाली एक बारीक खर्ज लागतो, कानाला न कळणारा, छातीला जाणवणारा.

'सिस्टीम शॉक 2' हा 1999 चा गेम चित्राच्या बाबतीत आज फार जुनाट दिसतो. माणसं ठोकळ्यांची, चेहरे चपटे. तरीही आवाजाच्या जोरावर तो आजही घाबरवतो. अवकाशयानात परजीवींनी ग्रासलेले खलाशी तुमच्यावर धावून येतात आणि येताना तुमची माफी मागतात, पळ म्हणून विनवतात. मारणारा गयावया करतो आहे, हे ऐकून बंदुकीचा चाप ओढणं जड होतं. त्यात बंदूक झिजते, ऐन वेळी अडकते. यानात ठिकठिकाणी मेलेल्या माणसांनी मागं ठेवलेली ध्वनिमुद्रणं सापडतात; ऐकणाऱ्याला त्यांचा शेवट आधीच ठाऊक असतो, बोलणाऱ्याला नसतो. कथा सांगायची ही रीत पुढं पुष्कळांनी उचलली, 'डूम 3' नंही.

हातातली वस्तूही अशीच वातावरणाचा भाग होते. युक्रेनच्या 4ए गेम्सनं 2010 मध्ये दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या कादंबरीवरून 'मेट्रो 2033' केला. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत जगणारी माणसं. बाहेर हवा विषारी, म्हणून तोंडावर मास्क. एरवी गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात आकडे असतात: जीव किती, गोळ्या किती. इथं ते जवळपास पुसूनच टाकले आहेत. मास्कचा फिल्टर किती वेळ टिकेल हे मनगटावरच्या घड्याळात पाहायचं. श्वास जड व्हायला लागला की समजायचं, बदलायला हवा. मार बसला की काचेला तडे जातात आणि त्या तड्यांतूनच पुढचं जग पाहायचं. टॉर्चचा उजेड पिवळा पडला की खिशातला चार्जर काढून हातानं दाबत बसायचं, आणि तो करकर आवाज भुयारात घुमतो. चांगल्या प्रतीची काडतुसं तिथलं चलन आहेत. ती झाडली म्हणजे पैसे झाडले. आकडा वाचून माणूस हिशेब करतो. श्वास ऐकून तो घाबरतो.

'एलियन: आयसोलेशन' (2014) हा पुरता शूटर म्हणता येणार नाही, कारण ज्याच्यापासून पळायचं तो प्राणी गोळीनं मरतच नाही. पण त्यातल्या दोन करामती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हातात हालचाल टिपणारं यंत्र असतं. त्याच्याकडं पाहिलं की मागचं दृश्य धूसर होतं. म्हणजे प्राणी किती लांब आहे ते पाहायचं असेल तर समोरचं पाहणं सोडावं लागतं. 'डूम 3' चा टॉर्च इथं वेगळ्या रूपात आला आहे. आणि प्राण्याचा मेंदू दोन थरांत बांधलेला आहे. वरच्या थराला तुम्ही कुठं आहात ते सतत ठाऊक असतं, पण तो प्राण्याला तेवढं सांगत नाही, फक्त त्या बाजूला जा असं सुचवतो. शोधायचं प्राण्यानं स्वतः, कान आणि डोळे वापरून. म्हणून तो ठरलेल्या वाटेनं फिरणाऱ्या बाहुल्यासारखा वाटत नाही. तो हुंगत येतो.

अशी पडद्यामागची देखरेख 2008 च्या 'लेफ्ट 4 डेड' मध्येही होती, आणि तिला नावच होतं 'डायरेक्टर'. खेळणाऱ्यांना किती मार बसतो आहे, शत्रू किती जवळ आले आहेत, यावरून तो ताणाचा अंदाज बांधतो. ताण टोकाला गेला की हल्ले थांबवतो, दम खाऊ देतो, आणि मग पुन्हा सोडतो. आमच्या मंडयांतल्या, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकातही हेच चालतं. रडारडीचा प्रवेश संपला रे संपला की विनोदी जोडी येते किंवा लावणी होते. शहरातल्या पाहुण्यांना ते विजोड वाटतं. पण रात्रभर चालणाऱ्या नाटकात प्रेक्षकाचा जीव एकसारखा ताणून धरता येत नाही, हे आमच्या कंपन्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि 'फिअर'. मोनोलिथ कंपनीचा 2005 चा गेम. यात तुम्ही पळपुटे नाही आहात. तुमच्या हालचाली इतक्या वेगवान की भोवतालचा काळ संथ करता येतो. शत्रू सैनिकही हुशार, एकमेकांना ओरडून सांगतात, बाजूनं घेरतात. चकमकीत काचा फुटतात, प्लास्टरचा धुरळा उडतो. आणि मग सगळे मेल्यावर एक रिकामा कॉरिडॉर. कुणी नाही. दिवे लुकलुकतात, रेडिओवर खरखर. लाल फ्रॉकमधली एक लहान मुलगी कुठंतरी दिसते आणि नसते. तिच्यावर गोळी चालवण्यात अर्थ नाही. जपानी भयपटांची छाया तिच्यावर उघड आहे. एका ठिकाणी शिडी उतरायची असते. या गेममध्ये शिडी धरली की मान आपोआप उलटी वळते, तोंड आलेल्या वाटेकडं होतं. तुम्ही शिडी धरता, मान वळते, आणि ती मुलगी पुढ्यात उभी. इतका वेळ ती मागंच होती. हात शिडीवर, म्हणून बंदूकही नाही. ज्यानं हे रचलं त्यानं खेळणाऱ्याच्या मानेवर, हातावर आणि सवयीवर एकाच वेळी ताबा मिळवला. सिनेमात असं दृश्य दिग्दर्शक दाखवतो. इथं वळून पाहणारे तुम्हीच असता. त्या पोराच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच होतं. मी त्याला हेडफोन दिले आणि शिडीपर्यंत खेळवलं.

आपल्याकडं या दिशेनं सुरुवात झाली आहे. मॅडमंत्रा गेम्सचा 'कमला' हा भारतीय वाड्यात घडणारा, खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा भयखेळ आहे. बंदूक नाही, पण भिंतीवरचे फोटो, पितळेची भांडी, समई हे सगळं आपलं. ते पाहून मला फार बरं वाटलं. वाडा, हवेली, तांत्रिक यांच्या पलीकडं मात्र आपली गाडी अजून फारशी गेलेली नाही. कचारगडची गुहा, पावसाळ्यातलं इटियाडोह, सालेकशाच्या डोंगराला वळसा घालून जाणारी मालगाडी आणि बोगद्यात बदलणारा तिचा आवाज, मंडई उठल्यावर रिकाम्या बांधीत उरलेला मंडप, हे कुठल्याही गेममध्ये मी पाहिलेलं नाही. परदेशी गेममध्ये भीतीचा पक्षी म्हणजे घुबड नाहीतर डोमकावळा. आमच्या रानवाटेवर रातवा बसतो, मोटरसायकलच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात आणि अंधारात तो चकू-चकू करत राहतो. ते ऐकलेल्या माणसाला घुबडाची गरज पडत नाही.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. वर आलेले जवळजवळ सगळे गेम 17 किंवा 18 वर्षांवरच्यांसाठी आहेत आणि ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. सातवी-आठवीतल्या मुलाच्या हातात ते देऊ नका. आवाजाचा मारा किती खोल जातो, हे मला धंद्यामुळं ठाऊक आहे. चित्राला डोळे मिटता येतात, आवाजाला कान मिटता येत नाहीत.

आणि गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडच्या ज्या पोरापोरींना संगणकाचं वेड आहे त्यांना एक सांगणं. युनिटी, अनरियल, गोडो या इंजिनांवर शिकायला पैसे लागत नाहीत, लागतो तो बऱ्यापैकी संगणक आणि चिकाटी. दैत्याचं चित्र काढायला सगळ्यात शेवटी बसा. आधी एक खोली करा, एकच दिवा लावा, आणि दाराबाहेर काय वाजतं ते ठरवा. ते वाजवायला आवाज लागले तर मागा. गावाच्या शिवेवरून, तलावाच्या पाळीवरून, पावसात पत्र्याखाली बसून मी बरेच आवाज टिपून ठेवले आहेत: रातवा, बेडकं, दूरचं भजन, बंद पडता पडता धापा टाकणारा जनरेटर. ते मी कुणालाही फुकट देईन.